आईच्या डोक्याला करंट द्यायच्या आधी तिचे कान तपासा

रविवारच्या पेपरातून पुन्हा ते गुलाबी पत्रक पडलं. ‘विसरभोळेपणा? डिमेन्शिया? अल्झायमर? औषधाविना कायमचा इलाज! ब्रेन स्टिम्युलेशन + मेमरी ट्रेनिंग. ४० सिटिंगचं पॅकेज. ज्येष्ठांना खास सवलत.’ खाली पिवळ्या मेंदूतून विजा निघतायत. सांगली-मिरजेत गेल्या वर्षभरात असं पत्रक मी चौथ्यांदा बघतोय.

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी मात्र पूर्ण वाचा.

आधी स्वतःचं सांगतो, म्हणजे ‘तुम्हाला काय कळतं त्यातलं’ हा प्रश्न नको. माझी आई ७१ वर्षांची, झेडपीच्या शाळेत मास्तरीण होती. वडील गेल्यानंतर वर्षभरात ती विसरायला लागली. दूध गॅसवर, चावी फ्रिजमध्ये, आणि एकदा तर नातवाला माझ्या नावाने हाक मारून ‘गणिताचा पेपर कसा गेला’ विचारलं. आम्ही घाबरलो. घाबरलेलं गिऱ्हाईक सगळ्यात सोपं असतं. अशाच एका सेंटरवर गेलो (नाव घेत नाही, मुद्दा एका सेंटरचा नाहीच), पंचेचाळीस हजार भरले. डोक्याला पट्टा, पट्ट्याला दोन ओले स्पंज, समोर टॅबलेट. टॅबलेटमधली बाई इंग्रजी वळणाच्या हिंदीत दहा शब्द सांगायची आणि आईने ते परत म्हणायचे. आईला तीन-चारच यायचे. पट्टा बांधून देणारा पोरगा बाहेर मोबाईल बघत बसायचा.

बारा सिटिंग झाल्यावर नात्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, ‘बी-१२ किती आहे मावशींचं? थायरॉईड केलंय? कान तपासले?’ यातलं काहीच केलं नव्हतं. पॅकेजमध्ये ते नव्हतंच! तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. आयुष्यभर शाकाहारी, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू, दोन्ही बी-१२ कमी करणाऱ्या. आणि डाव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं, उजव्याने अर्धवट. म्हणजे टॅबलेटवरचे ते दहा शब्द तिला नीट ऐकूच जात नव्हते. जे ऐकलंच नाही ते लक्षात काय ठेवणार?

आता लगेच कमेंटमध्ये ‘हे सगळं थोतांड आहे, शॉक देऊन म्हाताऱ्यांना मारतात’ असं लिहू नका. थोतांड नाही. इथेच आपली गल्लत होते, आणि त्या गल्लतीवरच पत्रकवाल्यांचा धंदा चालतो.

ते यंत्र ज्या पद्धतीचं आहे तिला टीडीसीएस म्हणतात. डोक्याच्या कातडीवरून एक-दोन मिलिअँपियर इतका बारीक प्रवाह. साध्या बॅटरीच्या बल्बलाही याच्या शंभरपट लागतो. मानसोपचारातल्या ईसीटीशी, म्हणजे लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात त्याच्याशी, याचा संबंध नाही. त्यात भूल देऊन शेकडो मिलिअँपियर देतात. हा बारीक प्रवाह बराचसा कातडी आणि कवटीतच वाटला जातो. जो आत पोचतो तो पेशींना स्वतः काम करायला लावत नाही, फक्त किंचित जास्त तयारीत ठेवतो. म्हणून त्याच्या जोडीला मेंदूचा व्यायाम. जमीन ओली असताना पेरणी, असा हिशोब. विचार म्हणून चांगलाच आहे.

तो तपासलाही गेलाय. कॅनडात टोरांटोला ३७५ ज्येष्ठांवर कित्येक वर्षं चाललेली चाचणी झाली, निष्कर्ष २०२४ मध्ये ‘जामा सायकियाट्री’त आले. अर्ध्यांना खरा प्रवाह आणि खरं प्रशिक्षण, अर्ध्यांना दोन्ही लुटुपुटूचं. आठवड्याला पाच दिवस, आठ आठवडे. आठ पंचे किती? चाळीस! पत्रकातलं ‘४० सिटिंग’ बहुधा तिथूनच उचललंय. फक्त पुढचं वाक्य उचललेलं नाही. त्या लोकांना दर सहा महिन्यांनी पुन्हा पाच दिवस बोलावलं जात होतं, वर्षानुवर्षं. आपल्याकडे चाळीस झाले की पावती आणि नमस्कार.

निकाल काय आला? खरा उपचार मिळालेल्यांची बौद्धिक घसरण थोडी सावकाश झाली. थोडी. सुधारणा नव्हे, घसरण सावकाश. आणि डिमेन्शियापर्यंत पोचणाऱ्यांची संख्या? त्यात दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. ‘कायमचा इलाज’ म्हणणाऱ्याने हे एक वाक्य पत्रकावर छापून दाखवावं.

फायदा कुणाला दिसला हे तर अजून महत्त्वाचं. ज्यांना पूर्वी नैराश्याचा आजार होऊन गेला होता आणि जे उपचाराने त्यातून बाहेर आले होते, त्यांच्यात तो जास्त दिसला. नुसता सुरुवातीचा विसराळूपणा असलेल्यांमध्ये, म्हणजे पत्रक ज्यांना हाक मारतंय नेमक्या त्यांच्यात, कमी. आणि दोन्ही गोष्टी एकत्रच दिल्यामुळे फरक करंटने पडला की व्यायामाने, हे त्या चाचणीतून सांगता येत नाही. हे शास्त्रज्ञांचं अपयश नाही, एक पायरी झालीय, पुढच्या बाकी आहेत. पण अर्ध्या जिन्यावर उभं राहून गच्चीची तिकिटं विकणं याला काय म्हणायचं?

अमेरिकेतही हेच झालं होतं. चुंबकीय उत्तेजना आणि सोबत बौद्धिक व्यायाम असं अल्झायमरसाठीचं ‘न्यूरोएडी’ नावाचं यंत्र २०१९ मध्ये तिथल्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीपुढे आलं. समितीचं समाधान झालं नाही. त्याआधी २०१६ मध्ये ‘लुमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या ॲपवाल्यांना, खेळ खेळून स्मृतिभ्रंश लांबतो असं भासवल्याबद्दल तिथल्या व्यापार आयोगाकडे २० लाख डॉलर भरावे लागले. तिकडे निदान कुणीतरी विचारतं तरी.

आपल्याकडे विचारायला कायदा नाही असं समजू नका. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यात ‘मेंदूचे रोग व विकार’ आहेत. त्यातली ‘औषध’ची व्याख्याही रुंद आहे. शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठीची वस्तूही तिच्यात बसते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. कायदा आपल्यापैकी अनेकांपेक्षा वयाने मोठा आहे हो, पण आपल्या गावात त्याचीही स्मृती गेलेली दिसते.

आता दुसरी बाजू. पत्रकवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. तो फावतो कशामुळे? आपणच घरात ‘वय झालं, विसरणारच’ म्हणून दोन-तीन वर्षं काढतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत प्रमाण जास्त, खेड्यात जास्त. म्हणजे तासगाव-जतकडच्या म्हाताऱ्या बायका. त्यांना कुठलं पॅकेज आणि कुठला टॅबलेट?

२०२४ च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोगी चौदा कारणं मोजली आणि ती सगळी हाताळली तर जगातला साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असं म्हटलं. बहिरेपण, अधू नजर, बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, नैराश्य, एकटेपणा अशी ही यादी. यातल्या कशालाही विजा निघणारा मेंदू लागत नाही. बीपीची गोळी रोज आणि कानाचं यंत्र, हे लागतं. पण त्यात कुणाला पॅकेज विकता येत नाही ना!

आणि नैराश्य. टोरांटोच्या चाचणीत फायदा झाला तो आधी नैराश्यावर नीट उपचार झालेल्यांना. आमच्या आईला वडील गेल्यावर नैराश्य आलं होतं हे आम्हाला सव्वा वर्ष कळलं नाही. ती बोलत नव्हती, आम्ही म्हणालो शांत झालीय. जेवत नव्हती, म्हणालो वय झालं. उद्या हा जोड-उपचार खरोखर सिद्ध झाला, तरी पहिली पायरी मानसोपचारतज्ज्ञाच्या ओपीडीचीच असणार. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तीच आपण गाळतो, आणि सेंटरचा पट्टा मात्र बिनदिक्कत बांधून घेतो, कारण तो आधुनिक दिसतो.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कवच मिळालं, चांगलंच झालं. पण ते ॲडमिट झाल्यावरचं. ओपीडीतली बी-१२ची तपासणी आणि कानाचं यंत्र त्यात कुठे बसतं? ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड ही त्यातली तरतूद आहे. आमदार-खासदार वाढदिवसाला नेत्रशिबिर घेतात. एखाद्या वर्षी कानाचं घ्या की! तिथेच रक्त काढा, मराठीतून स्मृतीची साधी चाचणी घ्या, आणि ज्यांना गरज आहे त्यांना पुढे न्यूरोलॉजिस्टकडे पाठवा.

कुणाला संशोधनात भाग घ्यायचा असेल तर जरूर घ्या. फक्त चार गोष्टी विचारा: निदान कुणी केलं, नैतिक समितीची परवानगी आहे का, पैसे का घेताय, आणि घरच्या माणसाला फिट्स, पेसमेकर किंवा डोक्यात धातूचं काही असेल तर काय. खऱ्या चाचणीत भाग घ्यायला पंचेचाळीस हजार मागत नाहीत.

आईचं विचाराल तर ती ‘बरी’ झाली असं म्हणणार नाही. बी-१२ची इंजेक्शनं झाली, कानात यंत्र आहे (‘टोचतं’ म्हणून रोज भांडण), नैराश्याची गोळी चालू आहे. पुन्हा पेपर वाचते, शब्दकोडं अर्धं सोडवते. चावी अजून हरवते. पुढे काय होईल ते डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही, आणि न सांगणाऱ्या त्या डॉक्टरांवरच माझा जास्त विश्वास बसलाय.

ते गुलाबी पत्रक किंवा तसलं दुसरं कुठलं घरात असेल तर फेकू नका. दोन्ही बाजूंचा फोटो आणि कुठल्या तारखेच्या पेपरात आलं ते मला इनबॉक्समध्ये पाठवा. आतापर्यंत माझ्याकडे चार जमलीत. पुढच्या सोमवारी सकाळी अकराला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यायला जातोय, पोच घेतल्याशिवाय परत येणार नाही. कुणाला यायचं असेल तर या, आणि ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पावती घेऊन या.