सेनापतिपद आणि खजिना

सांडोरहून वसईच्या किल्ल्याकडे जाताना मनात येते, सैन्याचा खरा धनी कोण? १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. पद पुढेही दाभाड्यांच्या घरातच राहिले. सूत्रे मात्र पेशव्यांच्या हाती गेली. १७३९ मध्ये वसई जिंकणारे चिमाजी अप्पा सेनापती नव्हते. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांना तोडून दिला. फौज पेशव्यांच्या रक्षणार्थ, हुकूम मात्र कंपनीचा! ज्याच्या हाती वसूल, त्याच्याच हाती तलवार. म्हणून संरक्षणाचा विचार करताना नुसत्या हुद्द्यांकडे न पाहता खर्चाच्या हिशेबाकडे पाहणे, हे सुजाण नागरिकाचे कर्तव्य ठरते.