पत्रा वाचला, पेंटरचे काय?

उसाचा हंगाम आटोपला की शहादा-तळोद्याकडच्या ट्रॉल्या आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या घाटांत फिरणाऱ्या जीपगाड्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजसमोर उभ्या राहतात. नवापूर-विसरवाडीमार्गे जाणाऱ्या सुरत-धुळे महामार्गावरच्या मालमोटारींचीही त्यात भर पडते. गाडीमालकाचा प्रश्न एकच असतो, ‘पुन्हा गंज येणार नाही ना?’ त्याचे खात्रीचे उत्तर म्हणून आता इपॉक्सी प्राइमरचे नाव घेतले जाते. उत्तर बरोबर आहे. मात्र हा प्राइमर आणि त्यावरचा रंग मारणाऱ्या हातांचे व फुफ्फुसांचे काय, हे कोणी विचारत नाही.

आधी प्राइमर का चांगला, ते पाहू. साधा रेडऑक्साइड थिनर उडून गेल्यावर सुकतो आणि त्याच्या थरातून ओल पत्र्यापर्यंत सहज झिरपते. पुट्टी तर पाणी शोषूनच घेते. इपॉक्सीचे तसे नाही. त्याचे दोन भाग असतात, राळ आणि हार्डनर. ते एकत्र आले की त्यांची रासायनिक जाळी विणली जाते. ही जाळी उघड्या पत्र्याला घट्ट धरते आणि पाण्याला अडवते. अर्थात, त्याखाली गंज किंवा ओल राहिली तर महागडा प्राइमरही फुगून निघतो. मिश्रणाचे प्रमाण अंदाजाने ठरवले तर थर कच्चा राहतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की मिसळलेला प्राइमर डब्यातच लवकर घट्ट होतो. म्हणून डब्यावरील सूचना वाचणे हा कामाचाच भाग आहे.

पण जी रासायनिक क्रिया पत्र्याला वाचवते, तिचे कच्चे घटक माणसाच्या शरीराला घातक ठरू शकतात. न सुकलेली इपॉक्सी राळ आणि अमाइन गटातील हार्डनर त्वचेला वारंवार लागले की अ‍ॅलर्जी जडू शकते. हात, मनगट, पापण्या लाल होतात, खाजतात, फुटतात. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते. मग थोडा स्पर्शही पुरतो. हात थिनरने धुण्याच्या सवयीमुळे त्वचेवरचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि नुकसान वाढते. काही प्राइमरमध्ये गंजरोधक म्हणून क्रोमेट असते. या प्रकारचे क्रोमियम कर्करोगकारक मानले जाते. झिंक फॉस्फेटवर आधारित प्राइमर हा त्याला पर्याय आहे. खरेदी करताना तो मागून घेता येतो.

खरा धोका मात्र त्यानंतर सुरू होतो. इपॉक्सी उन्हात फिकट पडून भुकटी होते, म्हणून त्यावर वरचा रंग लागतोच. तो आता बहुधा ‘टू-के’ किंवा ‘पीयू’ असतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि स्प्रे गनमधून त्याचे बारीक तुषार श्वासात जातात. जगभर व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांत आयसोसायनेटची गणना होते. घातक पातळी गाठली तरी त्याचा वास येतोच असे नाही. त्यामुळे ‘वास नाही, म्हणजे भीती नाही’ हा समज फसवा आहे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क ही वाफ अडवत नाही.

जुना रंग घासताना उडणारी धूळ हा तिसरा धोका. पिवळ्या-नारिंगी रंगांत लेड क्रोमेट सर्रास वापरले जात असे. भारतात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१६च्या नियमांनी आली आणि १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली, पण ती घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती. वाहनांचे रंग तिच्या बाहेर राहिले. ही धूळ पेंटरच्या कपड्यांवरून घरी जाते. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही.

बंदिस्त स्प्रे बूथ दोन-चार जणांच्या गॅरेजला परवडणार नाही, हे उघड आहे. तरीही बरेच काही करता येते. लहान तुकड्यावर इपॉक्सी प्राइमर ब्रशने लावला तर तुषार उडतच नाहीत. नायट्राइल हातमोजे आणि वाफ शोषणाऱ्या काडतुसाचा मास्क हे किमान साहित्य आहे. पीयू रंगाच्या फवाऱ्यासाठी स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. फवारणी दिवसाच्या शेवटी, इतर सर्वजण बाहेर गेल्यावर करावी. जुना रंग पाणी लावून घासावा, मात्र पत्रा उघडा पडला की तो पूर्ण कोरडा केल्याशिवाय प्राइमर लावू नये. कामाचे कपडे गॅरेजातच बदलावेत.

डॉक्टरांचीही यात भूमिका आहे. खोकला आणि छातीतली घरघर कामानंतर काही तासांनी, रात्री वाढते आणि सुट्टीच्या दिवसांत कमी होते. हा क्रम ओळखायचा तर ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारावा लागतो. तो न विचारल्यास दोष बिडीवर किंवा हवामानावर जातो आणि रुग्ण पुन्हा त्याच फवाऱ्यासमोर उभा राहतो. नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि आरोग्य विभागाने गॅरेज कामगारांची श्वसन तपासणी हाती घ्यावी. आयटीआयच्या प्रशिक्षणात स्प्रे गनइतकेच महत्त्व मास्कला मिळावे. लहान गॅरेजची कारखाना म्हणून नोंद नसते, त्यामुळे तपासणीसाठी निरीक्षक येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

गाडीमालक चांगल्या प्राइमरचे पैसे देतो, तसेच मास्क आणि हातमोज्यांचेही दर बिलात धरले जावेत. गंजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो. फुफ्फुसाला ती सोय नाही.