पाण्यातील वीज, कागदावरील बुडणे

कळंगुट-कांदोळीपासून आसगाव-शिवोलीपर्यंत नव्या बंगल्यामागे निळ्या पाण्याचा तरणतलाव दिसला तर आता कोणास नवल वाटत नाही. पर्यटकांना भाड्याने द्यावयाच्या घराची ती जणू पहिली अट होऊन बसली आहे. रात्री पाण्यात दिवे लागतात, काठावर पंप घरघरतो आणि पाहुण्यांची मुले डुंबत असतात. या दिव्यांचे व पंपाचे अर्थिंग शेवटचे कधी तपासले, असे विचारले तर घरमालक बहुधा फ्यूजपेटीकडे बोट दाखवील. (दिवसाचे भाडे मात्र तो अचूक सांगेल!)

फ्यूज वा एमसीबी हे तारांचे रक्षक, माणसांचे नव्हेत. १६ अँपिअरचा स्विच त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला तरच पडतो. उलट, ५० मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या तीनशेव्या हिश्श्याइतका प्रवाह शरीरातून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. याहून कमी प्रवाहानेही हातापायांचे स्नायू आखडतात आणि पाण्यातला माणूस ओरडूही न शकता बुडतो. अंगावर भाजल्याची खूण अनेकदा राहत नाही. मग पंचनाम्यात 'बुडून मृत्यू' अशी नोंद होऊन प्रकरण मिटण्याचा धोका असतो. २००३ च्या विद्युत कायद्याच्या १६१ व्या कलमान्वये विजेमुळे घडलेल्या प्राणांतिक अपघाताची वर्दी विद्युत निरीक्षकाकडे जावयास हवी. परंतु मृत्यूच्या कागदावर विजेचे नावच नसेल तर निरीक्षक येणार कशाला? सदोष दिवा दुसऱ्या रात्री पुन्हा लागतो.

उपाय अवघड नाहीत. ३० मिलिअँपिअर गळती होताच क्षणार्धात वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. पाण्यातील दिवे २३० नव्हे, १२ व्होल्टवर चालवावेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर काठापासून दूर ठेवावा. आपल्याकडे खारा वारा जोडण्या गंजवितो आणि वैशाखात जांभ्याची जमीन सुकली की अर्थिंग दुबळे होते. म्हणून एकदा बसविले आणि विसरले, असे येथे चालणार नाही. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून पाहण्यास तर पैही पडत नाही.

हा प्रश्न केवळ बंगलेवाल्यांचा, असे समजून सामान्य वाचकाने पान उलटू नये. आपल्या परसातील विहिरीतही पंप आहे. चवथीला तेथेच वा गावच्या तळीवर विसर्जन होते, काठावर दिव्यांच्या माळा झुलतात आणि ओलेत्या अंगाने मुले वर चढत असतात.

तलावात वा विहिरीत मृत्यू झाला आणि जवळपास विजेची जोडणी असली, तर पंचनाम्याच्या वेळीच विद्युत निरीक्षकास पाचारण करावे, अशी आमची पोलीस खात्याकडे मागणी आहे. आणि प्रत्येक तलावाच्या काठी मराठी, कोंकणी व इंग्रजीत एक फलक असावा: पाण्यातील माणूस एकाएकी आखडला तर उडी घेऊ नका, आधी मुख्य स्विच बंद करा.