ईदची सहल आणि ओहोटीची वेळ

पावसाळ्यात कोल्हापूरकराचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यावर तर पंचगंगेचं पाणी इंचाइंचानं मोजायची आम्हाला सवयच लागली आहे. चहाच्या गाड्यावर उभं राहून आम्ही राधानगरीचे दरवाजे किती उघडले यावर तासभर बोलू शकतो.

हीच आम्ही माणसं मालवणला निघालो की पाण्याबद्दल एक शब्द विचारत नाही. विचारतो ते एवढंच, "पॅकेज केवढ्याला बसतंय? बनाना राईड धरून का सोडून?"

ही तक्रार मी दुसऱ्या कुणाची करत नाही, माझीच करतोय.

रमजान ईद उन्हाळ्याच्या तोंडावर येऊ लागली तसा आमच्या घरात बासी ईदला कोकणात उतरायचा रिवाज पडला. ईदच्या दिवशी मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर नमाज, शिरखुर्मा, पाहुणे. दुसऱ्या दिवशी फजरनंतर गाड्या काढायच्या. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. चार तासांचा रस्ता. डब्यात आदल्या दिवशीची बिर्याणी.

दोन वर्षांपूर्वी किनारा निवडायचं काम माझ्याकडं होतं. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही तारकर्लीच्या गर्दीत थांबलो होतो. पोरं जेट स्कीवर बसली, पुरुष लाटांत डुंबले आणि आपा, भाभी, माझी बायको या तिघी दिवसभर वाळूवर बसून सगळ्यांच्या चपला, घड्याळं आणि मोबाईल सांभाळत राहिल्या. पाण्यात जायचं त्यांच्याही मनात होतं. पण ओल्या कपड्यांत बाहेर येताना शंभर डोळे आणि तेवढेच कॅमेरे झेलायची त्यांची तयारी नव्हती. परतताना आपा म्हणाली, "पुढच्या वेळी जिथं कुणी नसेल तिथं ने बाबा आम्हाला."

मी तसंच केलं. गर्दीचा किनारा मागं टाकून देवबागच्या टोकाकडं गेलो. देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. नदीच्या बाजूला पाणी सपाट, तळ्यासारखं. माणूस दिसत नव्हतं. मला वाटलं, याहून चांगली जागा मिळायची नाही.

जेवण, आराम होईस्तोवर चार वाजले. बायका पहिल्यांदाच मोकळेपणी पाण्यात उतरल्या. चौदा वर्षांची भाची सगळ्यांत पुढं होती, सलवार-कमीज आणि कमरेला गुंडाळलेली ओढणी. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हसत होती, आणि हसता हसता सरकायला लागली. आधी आम्हाला वाटलं गंमत करतीये. पंचगंगेत लहानपणापासून पोहलेला मी, तिच्याकडं झेपावलो, तर माझेही पाय टिकेनात. पाणी वरून हलत नव्हतं आणि खालून संगमाकडं ओढत होतं.

जवळच होडी दुरुस्त करत बसलेल्या एका मच्छीमारानं आरडाओरडा ऐकला. होडी घालून त्यानं आधी तिला वर घेतलं, मग मला. किनाऱ्यावर आल्यावर त्यानं शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाला, "सुकती लागली हा, दिसत नाय तुमका?" मग माझी टोपी बघून विचारलं, "आज चांद कितवो तुमचो?"

मी म्हणालो, "दुसरा."

"मग?" म्हणाला आणि परत आपल्या कामाला लागला.

त्या "मग?"चा अर्थ कळायला मला घरी येऊन थोडा अभ्यास करावा लागला. भरती-ओहोटी चंद्रावर चालते हे शाळेत शिकलो होतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटी सर्वांत खाली जाते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग. उधाणाचा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. आणि ईद कधी असते? अमावास्येनंतर कोर दिसली की दुसऱ्या दिवशी. म्हणजे ईद आणि बासी ईद हे नेमके उधाणाचे दिवस. महिनाभर चांदच्या तारखा मोजणारे आम्ही, ज्या चंद्रावर ईद ठरवली त्याच चंद्रानं समुद्राचं काय केलंय हे बघायला विसरतो.

वेळेचंही गणित आहे. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, असं. त्या हिशेबानं ईदच्या आसपास पूर्ण भरती दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान येते आणि तिथून संध्याकाळपर्यंत पाणी उतरत राहतं. कोल्हापूरहून पहाटे निघालेलं कुटुंब जेवून पाण्यात उतरतं ते नेमकं तीन-चारला. उधाणाच्या दिवशी, जोराच्या ओहोटीत, आणि आमच्यासारखं शहाणं असेल तर खाडीच्या तोंडाशी, जिथं खाडीत शिरलेलं सगळं पाणी अरुंद वाटेनं समुद्राकडं परत निघालेलं असतं.

हे फक्त मुसलमानांचं आहे असं समजू नका. लक्ष्मीपूजन अमावास्येला आणि भाऊबीज त्यानंतर दोनेक दिवसांनी. होळी पौर्णिमेला. आपले सहलीचे सण चंद्रावरच बेतलेले आहेत आणि त्यातले कितीतरी उधाणावर येतात. बकरी ईद दहाव्या चांदला, म्हणजे भांगाच्या जवळ, पण सध्या ती मे-जूनकडं सरकली आहे आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंदच असतात. त्या बंदच असाव्यात.

माझा एक चुलतभाऊ जर्मनीत नोकरी करतो. तो सुट्टीत ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर विंडसर्फिंग शिकायला गेला होता. तिथं दक्षिण टोकाला प्रासोनिसी नावाची जागा आहे. वाळूची पट्टी, एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला सपाट पाणी. शिकाऊ लोक सपाट बाजूला, मुरलेले लाटांच्या बाजूला. त्यानं फोटो पाठवला तेव्हा मी म्हणालो होतो, "हे तर आपलं देवबागच!" दिसायला आहेही तसंच. पण एक फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. तिकडच्या समुद्रात भरती-ओहोटी नावापुरतीच असते. तिथं जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो आणि लोक किनारा निवडतात तो वारा बघून. आपल्याकडं वाऱ्याच्या आधी चंद्र बघायला लागतो. तिथलं सपाट पाणी शिकाऊ माणसासाठी, आपल्या खाडीच्या तोंडाचं सपाट पाणी जाणत्यानंही जपून राहायचं.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. आधी खेळ ठरवून मग किनारा शोधू नका. आधी दिवस आणि वेळ बघा, मग किनारा, मग त्या किनाऱ्यावर जो खेळ शोभतो तो.

स्नॉर्कलिंग किंवा स्कूबा करायचं असेल तर मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडक आणि प्रवाळ आहेत, म्हणून तिथं पाण्याखाली बघण्यासारखं आहे. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतो, तेव्हा प्रवाळावर उभं राहायचं नाही आणि आठवण म्हणून तुकडा तोडायचा नाही. पॅरासेलिंग, बनाना राईड तारकर्लीच्या मोकळ्या किनाऱ्यावर. देवबागसमोरचं त्सुनामी आयलंड म्हणजे नदीतली वाळूची पुळण. ओहोटीला उघडी पडते, भरतीला पाण्याखाली जाते. तिथं जायचं ते होडीवाला सांगेल त्या वेळी आणि तो निघा म्हणाला की निघायचं. नुसतं डुंबायचं, पोरांना पाण्याची सवय लावायची, तर मालवणचा चिवला किनारा मला बरा वाटतो. राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा तिथंच भरतात, ते उगाच नाही. भोगवे सुंदर आहे, शांत आहे, आणि म्हणूनच तिथं बघत बसावं, उतरू नये. गणपतीपुळ्यालाही तेच. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहायचं, लाल झेंडा असेल तर नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आणि कोल्हापूरच्या पोरांना एक सांगायचं आहे. वीरधवल खाडे २००८ ला बीजिंगच्या ऑलिम्पिकला जाऊन आला, आपल्या गावाला पोहण्याची परंपरा आहे, सगळं खरं. पण नदीत पोहणं म्हणजे समुद्रात पोहणं नव्हे. लाटा फुटत असताना मध्येच एक गुळगुळीत, शांत पट्टा दिसतो. आपल्याला वाटतं इथं उतरावं. बहुतेक वेळा किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाण्याची ती वाट असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर या, मग आत वळा.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी गेले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले ८ जण गेले. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघं गेले. प्रत्येक वेळी आपण चार दिवस हळहळलो आणि पाचव्या दिवशी पॅकेजचा दर विचारायला लागलो.

आता बायकांबद्दल. मी हे सगळं लिहितोय ते मुख्यतः याच्यासाठी.

त्या दिवशी आम्ही ओस किनारा निवडला तो बायकांना मोकळेपणा मिळावा म्हणून. पण जिथं बघणारे डोळे नाहीत तिथं वाचवणारे हातही नसतात. आमच्या नशिबानं एक मच्छीमार होता. पडद्याची काळजी करणाऱ्या प्रत्येक घरानं हा हिशेब करायला हवा, आणि अशी घरं फक्त आमच्याच समाजात नाहीत. कुठल्याही किनाऱ्यावर जाऊन बघा, साडीतल्या किती आया चपलांची राखण करत बसलेल्या असतात.

यावर उपाय म्हणून बायकांना किनाऱ्यावरच बसवा, असं कुणी म्हणेल. आमच्या घरातही एका वडीलधाऱ्यांनी ते म्हटलं, "पोरीला पाण्यात घालायची गरजच काय होती?" मला हे मान्य नाही. भाची सरकली ती मुलगी होती म्हणून नाही. तिला पोहता येत नव्हतं, ओढणी पायात गुंतली होती, अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं आणि मामानं चुकीची जागा, चुकीची वेळ निवडली होती. यातली एकही गोष्ट अशी नाही जी बदलता येत नाही.

ओस किनाऱ्याऐवजी राखलेला किनारा घ्या आणि तो ओस असतो त्या वेळी घ्या. सकाळी सात ते नऊ. ईदच्या दिवसांत त्या वेळी भरती चढत असते, वारा पडलेला असतो आणि पॅकेजवाली गर्दी अजून पोहे खात असते. त्यासाठी एक रात्र मुक्काम करावा लागतो, तेवढा खर्च पॅरासेलिंगमधून वजा करा. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे आता बाजारात मिळतात. सुती कमीज पाणी पिऊन जड होते, हे कपडे होत नाहीत. ओढणी गाडीत ठेवा. लाईफ जॅकेट सगळ्यांना, पुरुषांनाही, पट्टे आवळून. बोटीत बसण्याआधी किती माणसांची परवानगी आहे ते विचारा. लाजू नका, भाजी घेताना आपण याहून जास्त विचारतो. आणि किनाऱ्यावरच्या व्यावसायिकांनी आपल्या गावातल्या मुलींना शिकवून तयार करावं. कपडे बदलायला धड खोली आणि शिकवायला एक बाई असेल तर चपला सांभाळणाऱ्या निम्म्या बायका त्यांच्या गिऱ्हाईक होतील. यात धर्मादाय काही नाही, धंदाच आहे.

कोल्हापुरात परतल्यावर भाचीला पोहण्याच्या महिलांच्या वर्गाला घातलं. पहिला आठवडा ती पाण्यात पाय सोडून नुसती बसायची. आपा रोज बाहेर बाकावर बसून असायची. दुसऱ्या महिन्यात आपाही आत उतरली.

यंदा आदल्या संध्याकाळीच मालवण गाठलं. तिसरा चांद. सकाळी सातला चिवल्यावर आम्ही सोडून दोन-तीन कुटुंबं होती. भाचीनं आधी किनाऱ्यावर उभं राहून पाणी चढतंय का उतरतंय ते बघितलं, वाळूत काठी रोवली, दहा मिनिटं थांबली. मग म्हणाली, "चढतंय मामू." तिच्यामागून आपा, भाभी आणि माझी बायको पाण्यात गेल्या.

चपला, घड्याळं आणि मोबाईल मी सांभाळत होतो.