मूळ साधनांचे जतन व प्रकाशन : मराठी विभागांची जबाबदारी

इतिहासाच्या मूळ साधनांचे जतन आणि प्रकाशन ही दोन कामे आपण बहुधा एका दमात उच्चारतो. वस्तुतः ती भिन्न आहेत. एक झाले म्हणून दुसरे आपोआप होते असे नाही. या दोहोंची फारकत झाली की काय घडते, याचे दाखले मराठीतच आहेत.

पहिला दाखला ज्ञानेश्वरीचा. वि. का. राजवाडे यांनी आपल्याला मिळालेली जुनी पोथी १९०९ साली छापून प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. मूळ पोथी मात्र आज उपलब्ध नाही. त्यामुळे या प्रतीतील एखादे रूप खरोखर प्राचीन आहे की नाही, हा वाद मूळ पाहून मिटविण्याची वाट कायमची बंद झाली आहे. येथे प्रकाशन झाले, जतन झाले नाही.

दुसरा दाखला पेशवे दफ्तराचा. पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद सुरक्षित आहेत. इंग्रजी अमदानीत ते संशोधकांना दीर्घकाळ मुक्तपणे पाहता येत नव्हते. १९३० पासून अवघ्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांनी या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. हे काम प्रचंड होते. परंतु ती निवड होती, आणि तिचा भर प्राधान्याने राजकारणावर व मोहिमांवर होता. दफ्तराचा फार मोठा भाग आजही अमुद्रित आहे. येथे जतन झाले, प्रकाशन अपुरे राहिले.

अलीकडे कागदपत्रांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर साठविण्याचे काम अनेक ठिकाणी होत आहे. ते स्वागतार्ह आहे, कारण त्यामुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते. परंतु छायाचित्र म्हणजे प्रकाशन नव्हे. मोडीत शब्द सुटे लिहिले जात नाहीत, विरामचिन्हे नसतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब आणि फार्सीतून आलेला ‘दीन’ म्हणजे धर्म. मोडीत ही तिन्ही रूपे एकसारखीच दिसतात. कोणते घ्यावे हे संदर्भावरून ठरवावे लागते. म्हणजेच लिप्यंतर हे यांत्रिक काम नसून प्रत्येक ओळीत केलेला अर्थनिर्णय आहे. त्यासाठी तत्कालीन भाषा, फार्सी शब्दसंग्रह आणि सुहूर सनासारख्या कालगणना यांची जाण असलेला वाचक लागतो.

हे काम इतिहास विभागांचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. इतिहासकार कागदात घटना शोधतो आणि ती मिळाली की त्याचे समाधान होते. कागदाची भाषा हा ज्याच्या अभ्यासाचा विषय आहे, त्याचे तेवढ्याने भागत नाही. वतनाच्या तंट्यात दिलेला करीना किंवा गोतसभेचा महजर पाहावा. कुणी कोणत्या क्रमाने काय सांगितले, शपथ कशी घेतली, साक्षीदाराने कोणते शब्द वापरले, हे सारे त्यात येते. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्या तोंडची मराठी, लेखनिकाच्या हातून का होईना, येथे उतरलेली आहे. तरीही मराठी गद्याचा इतिहास शिकविताना आपण लीळाचरित्रावरून बखरींकडे आणि बखरींवरून इंग्रजी अमदानीतील गद्याकडे जातो. मधला हा विस्तृत प्रदेश आपल्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ कोराच आहे.

मराठीच्या अभ्यासकाने मूळ साधने संपादावीत ही अपेक्षा नवी नाही. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आद्यकालीन मराठीविषयी आपण आज जे विधान करतो, त्याला या ग्रंथाचा आधार असतो. या परंपरेला पुढे पुरेसे वारस लाभले नाहीत, याचे एक कारण आपल्या मूल्यमापनात आहे. एखाद्या कादंबरीकारावरील प्रबंध आपण निःशंकपणे संशोधन मानतो. अप्रकाशित कागदांचे चिकित्सक संपादन मात्र पूर्वतयारी समजून दुय्यम लेखतो. ज्या कामाला पदवी नाही आणि पदोन्नतीत गणना नाही, त्याकडे तरुण अभ्यासक वळणार कसा?

मोडी वाचणारे कमी झाल्याचा परिणाम केवळ विद्वानांपुरता राहिलेला नाही. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या नोंदी वाचू शकणाऱ्यांची गरज शासनाला तातडीने भासली. मोडीतील एखादी ओळ नागरिकाच्या हक्काचा पुरावा ठरू शकते. ती चुकीची वाचली गेली तर ते केवळ पाठभेदाचे प्रकरण राहत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडी वाचन आणि पाठसंपादन यांची एक पूर्ण अभ्यासपत्रिका असावी. मूळ कागदांचे प्रस्तावना, टिपा व शब्दकोशासह केलेले संपादन पीएच. डी. साठी स्वतंत्र प्रबंध म्हणून स्वीकारले जावे. आणि विभागीय नियतकालिकांनी प्रत्येक अंकात निदान एक अप्रकाशित कागद छायाचित्र, लिप्यंतर व टिपांसह छापावा. छायाचित्र शेजारी असले म्हणजे संपादकाचे वाचन तपासता येते, आणि राजवाडे प्रतीच्या बाबतीत जे घडले ते टळते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. हा दर्जा भाषेच्या प्राचीनत्वाचा आणि परंपरेचा गौरव आहे. पण परंपरेचे पुरावे रुमालांत बांधलेले आणि ते वाचणारी पिढी मावळत चाललेली, अशा अवस्थेत तो गौरव पोकळ ठरेल. कागद आणखी काही काळ टिकतील. ते वाचणारे तयार करण्यास मात्र आपल्याजवळ तेवढा अवधी नाही.