पहिला कोण? ठरवायचे नर्सने, आणि मार खायचा तोही नर्सनेच!

सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळीला उभ्या असलेल्या नर्सला रोज एक निर्णय घ्यावा लागतो. तिच्या नेमणूकपत्रात या निर्णयाचा उल्लेख नाही आणि पगारात त्याची किंमत नाही. एकाच वेळी सात-आठ रुग्ण आले, ट्रॉल्या तीन आणि डॉक्टर एक, तर आधी आत कोणाला न्यायचे? इंग्रजी वैद्यकशास्त्रात याला ट्रायेज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ निवड करणे. नेपोलियनच्या सैन्यातील सर्जन लारे याने रणांगणावर जखमींची निवड हुद्द्यावर नव्हे, तर जखमेच्या गांभीर्यावर केली. आपल्याकडे दोनशे वर्षांनंतरही हुद्दा मधे येतो. मंत्र्यांच्या पीएचा फोन आला की लाल पट्टीचा रुग्ण थांबतो आणि पाय मुरगळलेला कार्यकर्ता आत जातो.

जयपूरचे उदाहरण घ्या. सवाई मानसिंह रुग्णालय म्हणजे राजस्थानचे शेवटचे दार. दौसा, टोंक, सीकर, अलवर इथून ‘रेफर’ची चिठ्ठी घेऊन गाड्या इथेच येतात. 13 मे 2008 रोजी संध्याकाळी जुन्या शहरात काही मिनिटांत नऊ बॉम्बस्फोट झाले, 70 च्या आसपास माणसे मेली, शेकडो जखमी झाले. त्या गर्दीचा मुख्य भार याच रुग्णालयावर पडला. 20 डिसेंबर 2024 च्या पहाटे अजमेर रस्त्यावर भांकरोट्याजवळ गॅसचा टँकर पेटला, तेव्हाही होरपळलेली माणसे इथेच आली. अशा दिवशी मंत्री येतात, कॅमेरे येतात, नर्सिंग स्टाफची पाठ थोपटली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पाळी, तीच माणसे.

आणि 5 ऑक्टोबर 2025 च्या रात्री त्याच रुग्णालयाच्या ट्रॉमा सेंटरच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, किमान सहा रुग्ण दगावले. यंत्रांना जोडलेले, बेशुद्ध रुग्ण. धुरातून आधी कोणाला उचलायचे, हाही ट्रायेजच, साथींनो. तो कोणत्या पाठ्यपुस्तकात शिकवतात?

हे काम म्हणजे नुसती नाडी बघणे नव्हे. जो ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात. नर्सला मात्र माहीत असते की जो गप्प पडला आहे त्याची वेळ कमी आहे. चालत आलेला, घामाने भिजलेला, ‘जरा जबडा दुखतोय’ म्हणणारा माणूस हृदयविकाराचा असू शकतो. मधुमेही बाईला तर छातीत दुखतही नाही. तोंडातून लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि कीटकनाशकाचा वास आला की केसपेपरची वाट बघायची नसते. सर्पदंशाच्या रुग्णाच्या पापण्या जड होऊ लागल्या की श्वास जायला वेळ लागत नाही. शिवाय हे एकदा करून भागत नाही. पिवळ्यातला रुग्ण अर्ध्या तासात लाल होतो, त्याच्याकडे पुन्हा वळून बघावे लागते. इंजेक्शन, सलाईन, पोलीस केसची नोंद आणि नातेवाइकांचे प्रश्न हे सगळे एकीच्याच अंगावर असेल, तर वळून बघणार कोण?

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो, शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 खाटांमागे 1 नर्स. कागदावर छान. पण कॅज्युअल्टीतली गर्दी खाटांवर नसते, ती ट्रॉलीवर, बाकावर आणि फरशीवर असते. खाटा मोजणारा निकष तिथे लंगडा पडतो, आणि नेमका तोच दाखवून अर्थखाते पदे नाकारते.

‘निदान हे डॉक्टरांचे काम, नर्सच्या हाती अधिकार कसा द्यायचा?’ असे काही वरिष्ठ विचारतात. ट्रायेज म्हणजे निदान नव्हे. मँचेस्टरची पद्धत 1990 च्या दशकात आणि केपटाऊनची 2004 नंतर उभी राहिली ती नर्सच्याच हाताने. आपल्याकडे नर्स हे काम आजही करतेच, फक्त चोरून करते. बरोबर ठरले तर डॉक्टरांचे नाव, चुकले तर ‘सिस्टरने थांबवले’.

सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले, जखमीवर उपचार आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. 1996 चा निकाल तर आपल्या वर्गाच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजूर समितीने मिळवला. रेल्वेतून पडलेल्या मजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही, असे कोर्टाने बजावले. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, खाजगी डॉक्टरांचा संप अंगावर घेऊन केला. त्याचे स्वागतच आहे. पण दार बंद करू नका असे सांगणारा कायदा दारामागे किती माणसे उभी करायची ते सांगत नाही. तिथे भरती होते ‘अर्जंट टेम्पररी बेसिस’वर. मुदत संपत आलेली कंत्राटी नर्स मंत्र्याच्या पीएला ‘थांबा’ म्हणेल काय? कायम नोकरी ही रुग्णाच्या सुरक्षिततेचीही बाब आहे, हे आपण पुरेसे ठासून मांडलेले नाही.

महाराष्ट्राने हसू नये. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती शौचालय साफ करायला झाडू दिला. मनुष्यबळाचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही. जुलै 2025 मध्ये आपल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘रुग्णांचे हाल’ छापले. संप नसलेल्या दिवसांचे हाल कोण छापणार?

मागणी साधी आहे. प्रत्येक पाळीत ट्रायेजसाठी वेगळी, प्रशिक्षित, कायम नर्स असावी आणि तिच्यावर दुसरे काम नसावे. लाल रुग्णाला केसपेपरशिवाय आत नेण्याचा लेखी अधिकार तिला मिळावा. नियमाप्रमाणे घेतलेल्या निर्णयासाठी तिला नोटीस देता येऊ नये. कॅज्युअल्टीची पदे खाटांवर नव्हे, येणाऱ्या रुग्णांवर ठरावीत.

तोपर्यंत जिल्हा रुग्णालयांतील आपल्या शाखांनी एक वही ठेवावी. रोज, पाळीनिहाय लिहावे: रुग्ण किती आले, नर्स किती होत्या, त्यातल्या कंत्राटी किती, दारावर कोण होते, कोणाच्या फोनमुळे क्रम बदलला. महिन्याच्या शेवटी तिची प्रत अधीक्षकांना द्यावी आणि पोच घ्यावी.