पिकअपची सर्व्हिसिंग : केवळ किलोमीटर पाहू नयेत

म्हसवड परिसरात डाळिंबे वाहणाऱ्या पिकअपचे काम महामार्गावरील गाडीहून वेगळे असते. माणदेशातील कोरडी धूळ, जड भार व शेत ते गाव अशा आखूड फेऱ्या यांचा इंजिनावर अधिक ताण पडतो. म्हणून पुस्तिकेतील किलोमीटर व महिने यांपैकी जी मर्यादा आधी येईल ती पाळावी. कठीण वापरासाठी निराळी मुदत दिली असल्यास तीच आपली समजावी.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली. साचलेली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते. फेरी मध्येच संपली की ते काम अर्धवट राहते, व असे वारंवार घडल्यास डिझेल वंगणात उतरून ते पातळ होते. दांडीवर तेलाची पातळी वाढलेली दिसणे हा लाभ नव्हे, धोक्याची सूचना होय.

धुळीच्या दिवसांत हवेची गाळणीही लवकर तपासावी. तेलाचा खर्च वाचविण्यासाठी मुदत लांबविणे ही काटकसर नव्हे. इंजिन खोलावे लागल्यास हंगामाची मिळकत त्यात जाते. फेऱ्यांची नोंद वहीत ठेवावी व तीवरून मुदत ठरवावी, हेच श्रेयस्कर.